खुंट्याला बांधलेला पूल : एका मॉडेलचं प्रकरण

मे महिना, दुपारचे तीन. अमळनेरला आमच्या घराच्या गच्चीवर पत्र्याची एक खोली आहे. घरचे तिला अडगळ म्हणतात, मी यार्ड म्हणतो. शाळेला सुट्टी होती आणि वर्गातली सहा-सात पोरं माझ्या मॉडेल रेल्वेचा पूल बघायला आली होती. चार महिने खपून उभा केलेला, एकही भाग विकत न आणता हातानं घडवलेला पोलादी गर्डरचा पूल. अर्थात पोलादी फक्त दिसायला. इंजिन सोडलं. ते ऐटीत पुलाच्या तोंडाशी आलं, ‘टक्’ असा आवाज झाला आणि इंजिनाची पुढची बोगी, म्हणजे चाकांचा संच, रुळावरून उतरली. मागच्या डब्यांनी धक्का दिला आणि दुसरा डबा भरावावरून घसरत खाली वाळूत गेला. वाळू बोरीच्या पात्रातली, चहाच्या गाळणीनं गाळलेली. पोरं आधी हसली, मग माझ्याकडे बघून गप्प झाली. एक मुलगी मात्र वाकून पुलाच्या पोटाकडे बघत म्हणाली, “सर, पूल वाकडा झालाय.”

मी म्हटलं, तुझा डोळा वाकडा असेल. ते वाक्य मला पुढे महागात पडलं.

मूळ पूल

मूळ पूल खानदेशातल्याच एका नदीवर आहे. नेमका कुठला ते मुद्दाम सांगत नाही. रेल्वेच्या हद्दीत विनापरवाना शिरलं तर १९८९च्या रेल्वे कायद्याच्या कलम १४७ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड होतो, आणि हे वाचून कोणी पोरगं टेप घेऊन गर्डरवर चढलेलं मला नको आहे. मी स्वतः एकदाही रुळाजवळ गेलो नाही. नदीच्या खालच्या अंगाला गावरस्त्याचा फरशी पूल आहे. सगळं मोजमाप तिथून, मोबाइलच्या कॅमेऱ्यानं झालं.

लांबून पूल मोजायचा कसा, याची युक्ती सोपी आहे. ज्याची लांबी नक्की माहीत आहे अशी एक वस्तू पुलावर यायला हवी. रेल्वे ती वस्तू रोज आणून देते. कोळशाची ‘बॉक्सएन’ वाघीण एका कपलरपासून (डबे जोडणाऱ्या आकड्यापासून) दुसऱ्या कपलरपर्यंत १०.७१३ मीटर असते. मालगाडी पुलावर असताना बरोबर मधोमध समोरून फोटो घेतला. तिरका घेतला तर लांबचं टोक आखडतं आणि सगळा हिशेब बोंबलतो. फोटोत पुलाच्या एका गाळ्यात ४.४९ वाघिणी बसल्या, म्हणजे ४८.१ मीटर.

इथे एक गफलत दडलेली असते. वाघीण पुलाच्या मधून जाते आणि आपल्या बाजूची गर्डरची भिंत तिच्या अलीकडे असते. जवळची वस्तू मोठी दिसते. मी साधारण १५० मीटरवर होतो, गर्डरची भिंत वाघिणीच्या मध्यरेषेपेक्षा अदमासे २.६ मीटर जवळ. म्हणजे भिंत पावणेदोन टक्के मोठी दिसणार. तेवढं वजा केलं तर ४७.२७ मीटर उरतात. रेल्वेत ओपन वेब, म्हणजे जाळीदार, गर्डरचे ठरलेले गाळे आहेत : ३०.५, ४५.७, ६१.० आणि ७६.२ मीटर. हे आकडे विचित्र वाटतात, पण फुटात मांडले की १००, १५०, २०० आणि २५० असे सरळ होतात. खांबांमधली मोकळी जागा १५० फूट, आणि गर्डर ज्यावर टेकतो ते बेअरिंग खांबाच्या माथ्यावर थोडं आत बसतं म्हणून गर्डर १५५ फुटांचा, म्हणजे ४७.२४ मीटर. मोबाइलच्या फोटोवरून काढलेला आकडा तीन सेंटिमीटरनं चुकला होता. त्या रात्री मला झोप लागली नाही. (पुढे कळलं की तीन सेंटिमीटर हा निव्वळ योगायोग होता. तीच पद्धत दुसऱ्या पुलावर वापरली तेव्हा पाऊण मीटरचा फरक आला.)

उंची तशाच रीतीनं साधारण ७.४ मीटर निघाली आणि खण सहा. खण म्हणजे दोन उभ्यांमधला भाग.

नुसतं मोजून भागत नाही, पूल वाचावाही लागतो. फोटो मोठा केला तर काही सळया जाडजूड, दोन पट्ट्यांमध्ये नागमोडी जाळी घातलेल्या दिसतात, आणि काही अगदीच सडपातळ. जाड त्या दाब सोसणाऱ्या, सडपातळ त्या ताण सोसणाऱ्या. फूटपट्टी दोन्ही टोकांनी दाबली तर ती मधे वाकते, ओढली तर वाकत नाही. म्हणून दाबाच्या भागाला रुंदी लागते, ताणाच्या भागाला नुसतं पोलाद पुरतं. या पुलात उभे जाड होते आणि तिरके बारीक, वरून खाली पुलाच्या मध्याकडे उतरणारे. ही प्रॅट पद्धत, १८४४ सालची. फक्त मधल्या दोन खणांत तिरक्यांची फुली होती. ही फुली मला आधी सजावटच वाटली. नंतर लक्षात आलं : गाडी पुलाच्या एका अर्ध्यावर असते तेव्हा मधल्या खणावरचा जोर एका दिशेचा, ती दुसऱ्या अर्ध्यावर गेली की उलट दिशेचा. बारीक सळई दोरीसारखी असते, ओढता येते, ढकलता येत नाही. म्हणून तिथे दोन दिशांना दोन दोऱ्या.

इतकं नीट वाचूनही मी पुलातल्या दोन गोष्टी सजावट समजून सोडून दिल्या. प्रकरण त्या दोन गोष्टींचंच आहे.

प्रमाण आणि मापं

प्रमाण १:८७ घेतलं, कारण बाजारात इंजिनं आणि डबे त्याच मापाचे मिळतात. त्या हिशेबानं गर्डर ५४३ मिलिमीटर, एक खण ९०.५, उंची ८५, आणि तिरका १२४. आपल्या ब्रॉडगेजची रुळांमधली रुंदी १६७६ मिलिमीटर. ८७ नं भागली तर १९.२६ येते. पण विकतचा ट्रॅक १६.५ मिलिमीटरचा, कारण तो परदेशी १४३५ मिलिमीटरच्या गेजसाठी बनतो. म्हणजे आपला ऐसपैस डबा त्या रुळांवर अरुंद बाजेवर झोपलेल्या धिप्पाड माणसासारखा दिसतो. काही जण १:१०१.६ धरून गेज बरोबर जुळवतात, पण मग इंजिनापासून सगळंच स्वतः करावं लागतं. मी तो हट्ट धरला नाही. पूल १:८७ चाच ठेवला आणि रुळांच्या दोन्ही बाजूंना सव्वा-दीड मिलिमीटर जागा जास्त सुटली ती सुटू दिली. शुद्धतावाद्यांनी माफ करावं किंवा करू नये.

घडवणं

यासाठी बाहेर जे प्लास्टिकचे तयार अँगल आणि चॅनेल मिळतात ते मागवायचे तर पोस्टाचा खर्च वस्तूपेक्षा जास्त. जळगावला पाट्या बनवणाऱ्याच्या दुकानात ‘हिप्स’ शीटचे कापलेले तुकडे किलोवर मिळाले. हिप्स म्हणजे पॉलिस्टायरीनच, जरा चिवट जातीचं. अर्धा आणि एक मिलिमीटर जाडीचे तुकडे घेतले. पट्ट्या कापायच्या, दोन पट्ट्या काटकोनात चिकटवल्या की अँगल, तीन चिकटवल्या की चॅनेल.

चिकटवायला पहिल्यांदा जे केलं ते खानदेशातला कोणीही करेल. इथे घरोघरी ठिबकच्या पाइपलाइनचं सोल्यूशन असतं. ते लावलं. सोल्यूशन पीव्हीसीच्या जाड पाइपसाठी असतं. अर्ध्या मिलिमीटरची पट्टी त्यानं अशी विरघळली की अँगलचा पापड झाला आणि ब्रशमागे जिलबीच्या पाकासारख्या तारा निघाल्या. मग रंगाच्या दुकानातून एनसी थिनर आणला. तीन शून्याचा ब्रश थिनरमध्ये बुडवून फटीच्या टोकाला नुसता टेकवायचा, थिनर आपोआप आत ओढला जातो आणि दोन्ही तुकडे एकजीव होतात. खिडकी उघडी ठेवायची, पंखा बाहेरच्या दिशेनं लावायचा, आणि जवळ उदबत्तीसुद्धा पेटवायची नाही.

पूर्ण आकाराचं ड्रॉइंग काचेवर चिकटवलं, त्यावर प्लास्टिकचा पातळ कागद, आणि कडेकडेनं लाकडी ठोकळे. त्या साच्यात दोन्ही बाजूंच्या भिंती एकासारख्या एक निघाल्या. फारच एकासारख्या निघाल्या. रिव्हेट दोन्हींच्या उजव्याच तोंडाला होते, म्हणजे एका भिंतीचे रिव्हेट पुलाच्या आतल्या बाजूला गेले असते. एक भिंत परत केली.

रिव्हेटचं थोडं सविस्तर सांगतो, कारण त्यात माझा जीव अडकला आहे. गर्डरच्या प्रत्येक सांध्यावर एक चौकोनी पत्रा असतो, त्याला गसेट म्हणतात. सगळ्या सळया त्याला रिव्हेटनं जोडलेल्या असतात. खऱ्या पुलावर रिव्हेट एकमेकांपासून दहा सेंटिमीटरच्या आसपास. ८७ नं भागा, १.१५ मिलिमीटर. शिंप्याची मापं उठवायची दातेरी चक्री वापरून बघितली, तिचे दात फार दूर दूर. शेवटी घड्याळाच्या दुकानातून मोडक्या गजराच्या घड्याळाचं एक चक्र मागून आणलं. दोन दातांतलं अंतर जवळपास तेवढंच. चक्र खिळ्यात ओवलं, खिळा पेनच्या रिकाम्या नळीत बसवला. पाव मिलिमीटरचं पातळ शीट सायकलच्या ट्यूबच्या तुकड्यावर पालथं ठेवायचं, पोलादी पट्टीच्या कडेनं चक्र फिरवायचं, उलटवायचं. पुढच्या बाजूला एका ओळीत बारीक टपोरे दाणे. रबर फार मऊ असेल तर दाणे पसरट होतात, फार कडक असेल तर शीटच फाटतं. सायकलची ट्यूब बरोबर. मोटारसायकलची जाड पडते. एका भिंतीला बारा सांधे, आतून-बाहेरून गसेट, दोन भिंती : एकूण ४८ गसेट, एकेकावर तीसेक दाणे. साधारण दीड हजार. बायकोनं एकदा चहा ठेवताना विचारलं, “हे दिसतात तरी का?” रंग दिल्यावर, तिरक्या उजेडात, दिसतात.

आणि मी न केलेल्या दोन गोष्टी. पहिली, पुलाच्या तळाशी दोन्ही गर्डरना फुलीफुलीनं बांधणाऱ्या आडव्या सळया, ज्यांना बॉटम लॅटरल ब्रेसिंग म्हणतात. त्या स्लीपरच्या खाली असतात, कुठूनच दिसत नाहीत. वेळ वाचवला. दुसरी, बेअरिंग. खऱ्या पुलाच्या एका टोकाला गर्डर नुसता डुलू शकेल असा टेकलेला असतो, तो रॉकर. दुसऱ्या टोकाला पोलादी रुळकांड्या असतात, ते रोलर. मी दोन्हीकडे प्लास्टिकचा ठोकळा कोरला, त्यावर कटरनं रोलरच्या रेघा ओढल्या, गंजाचा रंग दिला, आणि प्लायवूडच्या खांबावर दोन नळ्यांच्या इपॉक्सीनं पक्का बसवला. जानेवारीची रात्र होती, खोलीत सतरा अंश. इतकं पक्कं बसलं की मी त्यावर बोटानं टिचक्या मारून बघितल्या आणि समाधानानं झोपलो.

सकाळी बरा, दुपारी आजारी

पोरांसमोर फजिती झाल्यावर मी आधी दोष दिला तो रुळांच्या सांध्याला. पुलाच्या तोंडाशी सांध्याची पट्टी एका बाजूनं निसटली होती आणि दोन रुळांच्या टोकांत अर्ध्या मिलिमीटरची पायरी पडली होती. रात्री दहाला पट्टी परत बसवली, सोल्डर केलं, इंजिन दहा वेळा नेलं-आणलं. ठीक. सकाळी चहाच्या आधी परत. ठीक. दुपारी जेवून वर गेलो, पहिल्याच फेरीत टक्.

चाकं तपासली, इंजिन बदललं. कॉलेजात शिकणाऱ्या भाच्यानं वळणावरच्या वेगाचं काहीतरी सांगितलं, तेही करून बघितलं. तीन दिवस असंच. सकाळी पूल बरा, दुपारी आजारी. आमच्या घरात अशा लक्षणांना हिवताप म्हणतात.

शेजारच्या गल्लीत एक अप्पा राहतात. रेल्वेच्या ब्रिज गँगमध्ये आयुष्य गेलं, निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली. त्यांना एरवी माझ्या खेळण्यांत रस नाही. त्या दिवशी ते घरी हळद मागायला आले होते आणि बायकोनंच त्यांना वर पाठवलं. जिना चढून धापा टाकत आले, पूल बघितला, चष्मा कपाळावर चढवला. रिव्हेटबद्दल एक शब्द नाही. सरळ खांबाच्या माथ्यावर बोट ठेवलं आणि माझ्या कोरलेल्या रोलरला नखानं ढकललं. तो हलला नाही. दुसऱ्या टोकाला गेले, तिथेही ढकललं.

“हाऊ पूल शे का खुंटाले बांधेल बैल?”

मी म्हटलं, अप्पा, तो नुसता दिसण्यापुरता आहे. ते म्हणाले, दिसण्यापुरता कसा असेल? आम्ही जॅक लावून अख्खा गर्डर उचलायचो, बेअरिंग साफ करायचो, ग्रीस भरायचो, परत खाली सोडायचो. एवढा उपद्व्याप कशासाठी? उन्हाळ्यात गर्डर लांबतो, त्याला पाय लांब करायला जागा लागते. तू दोन्ही पाय बांधून ठेवलेस.

आता हे मला कोणी सांगावं? मी वर्षानुवर्षं फळ्यावर रुळांमधल्या फटीचं चित्र काढतो. उष्णतेनं पदार्थ प्रसरण पावतात, म्हणून फट ठेवतात, हे पोरांकडून म्हणवून घेतो. अप्पा खाली गेल्यावर वही काढली आणि तो हिशेब केला, जो जानेवारीतच करायला हवा होता.

पोलाद दर अंशाला दर मीटरमागे बारा हजारांश मिलिमीटर वाढतं. खरा ४७.२४ मीटरचा गर्डर तीस अंशांच्या फरकानं सतरा मिलिमीटर लांबतो. पॉलिस्टायरीन मात्र त्याच हिशेबात सत्तर ते ऐंशी हजारांश. म्हणजे माझा पूल प्रमाणात खऱ्या पुलापेक्षा सहापट चंचल. जानेवारीच्या रात्रीचे सतरा अंश आणि मेच्या दुपारी पत्र्याखालचे सत्तेचाळीस, फरक बरोबर तीस. ५४३ मिलिमीटरचा गर्डर कमीत कमी १.१ मिलिमीटर लांबणार. रूळ निकेल-पितळेचे, त्यांची वाढ पाव मिलिमीटर. खालचा प्लायवूड जवळपास जागचा हलत नाही. तीन वस्तू, तीन वेगवेगळ्या चाली, आणि मी तिघांना इपॉक्सीनं आणि सोल्डरनं एकमेकांना बांधून टाकलं होतं.

मिलिमीटर म्हणजे काय मोठं, असं वाटेल. पण इतक्या बारीक चाकाची कड मिलिमीटरभरही खोल नसते.

मग खरंच मोजलं. गर्डरच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत शिवणाचा दोरा ताणून धरला. सकाळी सहाला, खोलीत अठ्ठावीस अंश, गर्डरचा खालचा कॉर्ड, म्हणजे तळाचा लांब आडवा भाग, मधोमध दोऱ्यापासून मिलिमीटरभर बाजूला. दुपारी तीनला चार मिलिमीटर. आडवा वाकला होता, उसाच्या कांडीसारखा. ती मुलगी बरोबर होती. वाकण्यात फार थोडी लांबी खपते, बाकीचा जोर खांबांवर गेला होता. एका खांबाच्या बुडाशी इपॉक्सीला केसासारखी चीर दिसली आणि तळाच्या एका गसेटचा सांधा उकलला होता.

पण आडवाच का वाकला? वर-खाली का नाही? याचं उत्तरही अप्पांनीच दिलं, दुसऱ्या दिवशी. आता त्यांना पुलाचा नाद लागला होता. मोबाइलचा टॉर्च पुलाखाली धरून बघितलं आणि म्हणाले, “खाले काहीच नही?” उभ्या दिशेनं गर्डर ८५ मिलिमीटर उंच, त्रिकोणांनी घट्ट. आडव्या दिशेनं खालचे दोन कॉर्ड म्हणजे दोन सुट्या काड्या, मधे फक्त स्लीपर आणि थोडे आडवे तुळे. चौकोनच चौकोन, त्रिकोण एकही नाही. चौकोन कलतो. खऱ्या पुलावर ही तळाची फुली वारा सोसते आणि धावत्या इंजिनाचे बाजूचे हिसके सोसते. अप्पा म्हणाले, पुलावरून इंजिन सरळ जात नाही, नागासारखं डुलत जातं, खाली उभं राहिलं की कळतं.

दुरुस्ती

पूल खांबांवरून सोडवायला बारीक करवतीच्या पात्यानं दोन संध्याकाळी गेल्या. मग तळाला सहाही खणांत फुल्या घातल्या. दिसत नाहीत. मी त्यांना रिव्हेटसुद्धा दिले नाहीत, तेवढा सूड घेतला.

एका टोकाला स्थिर बेअरिंग : टाचणीची आडवी कांडी पितळी पत्र्याच्या खोबणीत, गर्डर डुलेल पण सरकणार नाही. दुसऱ्या टोकाला खरे रोलर. सायकलच्या मोडक्या स्पोकचे दोन मिलिमीटर जाडीचे तुकडे, प्रत्येक बेअरिंगखाली तीन, वर-खाली पितळी पत्रा, आणि कडेला दोन छोटे अडणे, म्हणजे पूल पुढे-मागे जाईल पण बाजूला भटकणार नाही. ग्रीसवरून आमचं वाजलं. अप्पांचा आग्रह ग्रीसचा. ग्रीसनं पॉलिस्टायरीनला बारीक तडे जाऊ शकतात, म्हणून मी पेन्सिलीचं शिसं खरवडून त्याची पूड टाकली. “बिनाग्रीसचं बेअरिंग!” असं म्हणून अप्पांनी तोंड फिरवलं. ती नाराजी अजून आहे.

रूळ आधी स्लीपरला जागोजाग सुपरग्लूनं चिकटवले होते. ते सोडवून फक्त स्थिर टोकाशी चिकटवले, बाकी सगळीकडे स्लीपरवरच्या प्लास्टिकच्या पकडीत मोकळे ठेवले. रूळ आपल्या जागी, पूल त्याच्याखालून सरकतो. रेल्वेतही गर्डरवर लांब वेल्ड केलेले रूळ न्यायचे असतील तर असंच करतात, त्याला रेल-फ्री फास्टनिंग म्हणतात. हे मला सगळं झाल्यावर कळलं आणि उगाच छाती फुगली. रोलरच्या टोकाला रुळात अर्ध्या मिलिमीटरची फट, सोल्डर नाही. वीज पुढे जावी म्हणून फटीवरून पातळ तारेचा सैल वळसा. फळ्यावरची फट एकदाची माझ्या रुळात आली.

वजन म्हणून मिठाच्या एकेक किलोच्या दोन पिशव्या पुलाच्या मधोमध ठेवल्या. इंजिन जेमतेम तीनशे ग्रॅमचं, त्यामुळे ही चाचणी अतिरेकी होती. गर्डर अर्धा मिलिमीटर खाली गेला, पिशव्या उचलल्यावर परत आला.

पुढच्या उन्हाळ्यात तीच पोरं, एक वर्ग पुढे गेलेली, परत आली. दुपारी तीनलाच बोलावली. गाडी पुलावरून वीस फेऱ्या गेली. पोरांना चौथ्या फेरीनंतर कंटाळा आला, कारण काहीच पडत नव्हतं. मग त्यांना रोलर दाखवला. खांबाच्या माथ्यावर, सरकत्या बेअरिंगच्या कडेला मी पेन्सिलीनं रेघा मारून ठेवतो. सकाळी सहाची रेघ आणि दुपारी तीनची रेघ, दोन्हींत पाऊण मिलिमीटर. डोळ्याला दिसतं, भिंग लागत नाही. ज्या मुलीला मी वाकड्या डोळ्याची म्हटलं होतं ती बराच वेळ तिथेच बसून होती. मी तिची माफी मागितली. तिला तो प्रसंग आठवत नव्हता, किंवा तसं म्हणाली.

अप्पा आले की गाडीकडे बघत नाहीत, आधी रेघा बघतात. जानेवारीची रेघ आणि मेची रेघ यांच्यात मिलिमीटरहून थोडं जास्त अंतर आहे. त्या दोन रेघांच्या मधे कोणीतरी मुंगीएवढ्या अक्षरात ‘उन्हाळा’ असं लिहून ठेवलंय. अक्षर माझं नाही.